मानधन की पगार? पंचायतीत झाडणाऱ्या मावशीचा प्रश्न



मागच्या महिन्यात एका गावात ग्रामसंघाची बैठक होती. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते झाले, इतिवृत्तावर सह्या झाल्या. उठायच्या वेळेला मागे बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू का? मी सात वर्षं झाले पंचायतीत झाडते. नाल्या काढते. तीन हजार मिळतात. कधी दोन महिन्यानं, कधी चार महिन्यानं. मी नोकरीला हाय का नाही?"

दोन-चार बायका हसल्या. एक ताई म्हणाल्या, "अवं, ते मानधन हाय. पगार थोडाच हाय?"

मी समाजकार्याची पदवी घेतली आहे. कामगार कायद्याचा पेपर पासही झालेय. पण मावशींना तिथल्या तिथं उत्तर देता आलं नाही. "विचारून सांगते" म्हणाले आणि घरी आले. नंतर वाचलं, दोन-तीन जणांना विचारलं, मावशींसोबत पंचायतीत जाऊन आले. त्यातून जे कळलं ते सगळ्यांसाठी लिहिते आहे. कारण हा प्रश्न एकट्या मावशींचा नाही. अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशाताई, पाणी सोडणारा कर्मचारी, शाळेत खिचडी शिजवणारी बाई, हे सगळे लोक आपल्याच गटातले, आपल्याच घरातले आहेत.

शब्द छोटा, फरक मोठा

पगार म्हणजे कामाचा मोबदला. त्याला कायदा आहे. किमान किती द्यायचा, कधी द्यायचा, कशासाठी कापायचा, हे ठरलेलं आहे. मानधन म्हणजे मान म्हणून दिलेलं धन. एखादे पाहुणे भाषणाला आले, त्यांना नारळ, शाल आणि पाकीट दिलं, ते मानधन. त्याला दर नाही, तारीख नाही, आणि कमी पडलं तर भांडायची सोय नाही.

आता सांगा, रोज सकाळी सहाला उठून नाली काढणारी बाई पाहुणी आहे का?

आपल्या बीडच्या बायकांना हा खेळ नवा नाही. ऊसतोडीला जाताना नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. उचल नवऱ्याच्या हातात येते. बाई मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, पहाटे उठून भाकरी करते, पण हिशोबात तिचं वेगळं नाव नसतं. कामाला नाव नसलं की दाम मागता येत नाही. 'मानधन' या शब्दानं तेच होतं.

मुंबईच्या सफाई कामगारांनी काय केलं

हा खेळ मोठ्या शहरातही चालतो आणि तो मोडलाही गेला आहे, म्हणून हे उदाहरण सांगते. मुंबईत महापालिकेचा कचरा उचलणारे हजारो कामगार कंत्राटावर होते. त्यांच्यात बरेच जण मराठवाड्यातले, भूमिहीन, दलित घरांतले. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून गेलेल्यांची घरं त्यात आहेत. काम महापालिकेचं, गाडी महापालिकेच्या कामाची, पण कामगार मात्र महापालिकेचे नाहीत, असं सांगितलं जायचं.

त्यासाठी शब्द बदलले होते. कंत्राटदाराला म्हणायचं 'संस्था'. कामगाराला म्हणायचं 'स्वयंसेवक'. पगाराला म्हणायचं 'मानधन'. त्या काळी २० किंवा त्याहून जास्त कामगार असले की कंत्राटी कामगारांचा कायदा लागायचा, म्हणून कंत्राटांचे छोटे छोटे तुकडे पाडले होते.

१९९७ मध्ये या कामगारांची 'कचरा वाहतूक श्रमिक संघ' ही युनियन उभी राहिली. मिलिंद रानडे हे तिचे नेते. २००७ मध्ये युनियनने २,७०० कामगारांसाठी दावा दाखल केला. म्हणणं साधं होतं: काम कायमचं आहे, तर कामगारही कायमचे आहेत, मधला कंत्राटदार नावापुरता आहे. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने ते मान्य केलं. महापालिका वर गेली. उच्च न्यायालयातही कामगार जिंकले. शेवटी एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूने निकाल कायम ठेवला. दावा दाखल केल्यापासून दहा वर्षं गेली. काही कामगार निकाल बघायलाही राहिले नाहीत.

यातली एक गोष्ट आपण लक्षात ठेवायची. जिंकल्यावरसुद्धा कित्येक कामगार अडकले, कारण कागदावर त्यांच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं. हजेरीत एक नाव, आधारवर दुसरं. त्यांनी कचरा उचलला हे खरं, पण 'तो तूच का' हे सिद्ध करायला पुन्हा झगडावं लागलं.

अंगणवाडी सेविका आणि आशाताई

अंगणवाडी १९७५ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून सेविका 'मानधनी'. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या सेविकांच्या खटल्यात निकाल दिला की सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. ग्रॅच्युइटी म्हणजे बरीच वर्षं काम केल्यावर नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम. त्या निकालाचं आपल्यासाठी महत्त्वाचं सार असं: नाव मानधन असलं, तरी त्या कायद्यासाठी ते वेतनच आहे. आणि सेविकांचं काम 'थोड्या वेळाचं' आहे, हेही न्यायालयाने मानलं नाही.

पण निकाल लागला म्हणून घरात पैसे येत नाहीत. आपल्या राज्यात सेविका-मदतनीसांनी ४ डिसेंबर २०२३ पासून संप केला. तो ५२ दिवस चालला. आपल्या कित्येक गावांत तेव्हा अंगणवाडीला कुलूप होतं, आणि लेकरं कुठं ठेवायची म्हणून आपणही कुरकुर केली होती. मी पण केली होती. त्याआधी फेब्रुवारी २०२३ च्या संपानंतर सेविकांचं मानधन १०,००० रुपये झालं होतं. २०२४ मध्ये पुन्हा वाढ झाली, सेविकांना १३,००० आणि वर कामावर अवलंबून प्रोत्साहन भत्ता. ही वाढ आपोआप आलेली नाही.

आशाताईंची गोष्ट अजून शिकवणारी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी संप केला. ७,००० रुपये वाढ देऊ, असं सांगितलं गेलं. संप मिटला. पण शासन निर्णय, म्हणजे जीआर, काही निघेना. म्हणून १२ जानेवारी २०२४ पासून त्या पुन्हा संपावर गेल्या. मार्च २०२४ मध्ये जीआर निघाला तो ५,००० रुपयांचा. तोंडी आकडा आणि कागदावरचा आकडा यात दर महिन्याला २,००० रुपयांचा फरक पडला. म्हणून आपल्या गटात आपण म्हणतो ना, 'बोलणं हवेत, लिहिणं वहीत', ते इथंही खरं आहे.

ग्रामपंचायत कर्मचाऱ्याला किती मिळायला पाहिजे

आता मावशींच्या प्रश्नाकडे येते. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांच्याकडचं काम १९४८ च्या किमान वेतन कायद्यात धरलेलं आहे. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी वेतन संहिता लागू झाली आहे, पण किमान वेतनाचा हक्क तसाच आहे. जुने दर नवे दर निघेपर्यंत चालू राहतात.

महाराष्ट्रात ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांचे दर १० ऑगस्ट २०२० च्या अधिसूचनेने ठरले. ५,००० पेक्षा कमी लोकवस्तीच्या गावात महिन्याचे मूळ दर असे:

- अकुशल (झाडणं, नाली काढणं अशी कामं): ११,६२५ रुपये
- अर्धकुशल: ११,९६० रुपये
- कुशल: १२,६६५ रुपये

मोठ्या गावांत दर याहून थोडे जास्त आहेत. याच्यावर महागाईप्रमाणे विशेष भत्ता असतो, तो दर सहा महिन्यांनी बदलतो. आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असतो.

जरा हिशोब करू. तीन हजार मिळतात आणि मूळ दर ११,६२५ आहे. फरक महिन्याला ८,६२५. वर्षाला १,०३,५००. ही फक्त मूळ दराची गोष्ट झाली, भत्ता वेगळा. आपण गटात दहा-वीस हजाराचं कर्ज काढायला तीनदा विचार करतो. इथं एका बाईचे वर्षाला लाखभर रुपये राहून जातात आणि आपण म्हणतो, मानधन आहे.

मावशी पूर्ण दिवस काम करतात का दोनच तास, हा प्रश्न पंचायत नक्की विचारेल. तो विचारायचा त्यांना हक्क आहे. पण मग किती तास, कोणतं काम, कोणत्या दराने, हे कागदावर पाहिजे. 'थोडंसं काम आहे' एवढं म्हणून भागत नाही.

पैसा कुठून येतो, आणि त्यात आपला वाटा

सरपंच म्हणतील, "पंचायतीकडं पैसा कुठं आहे?" हे काही वेळा खरंही असतं. म्हणून पैसा कसा येतो ते समजून घेऊ.

कर्मचाऱ्यांच्या किमान वेतनासाठी राज्य सरकार अनुदान देतं. गाव लहान असेल तर सरकारचा वाटा जास्त, मोठं असेल तर कमी. बाकीचं पंचायतीने आपल्या उत्पन्नातून घालायचं. पण हे अनुदान मंजूर पदावरच्या कर्मचाऱ्यालाच मिळतं. गावाच्या लोकसंख्येप्रमाणे किती कर्मचारी ठेवायचे याचा एक तक्ता आहे, त्याला 'आकृतीबंध' म्हणतात. त्यात नाव नसेल तर सरकारचा पैसा येत नाही. तरीसुद्धा काम करून घेतलं तर किमान वेतन देणं पंचायतीला चुकत नाही.

दुसरी अडचण वसुलीची. गावाची घरपट्टी, पाणीपट्टी किती वसूल झाली यावर अनुदान कमी-जास्त होतं. कर्मचारी संघटना, म्हणजे आयटक, सिटू यांच्याशी जोडलेल्या युनियन, वर्षानुवर्षं सांगतायत की ही अट काढा. त्यांचं म्हणणं मला पटतं. नाली काढणाऱ्या बाईचं काम नाली काढणं. गावातल्या मोठ्या घरांनी पट्टी थकवली, तर तिच्या चुलीची शिक्षा का?

संघटनांच्या आणखी मागण्या आहेत: नगरपंचायतीच्या कर्मचाऱ्यांसारखी वेतनश्रेणी, आणि म्हातारपणी पेन्शन. आधीच्या लढ्यांतून काही मिळालंही आहे. जिल्हा परिषदेच्या वर्ग ३ आणि ४ च्या भरतीत ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांसाठी १० टक्के जागा राखीव असतात. मात्र त्यासाठीही नाव नोंदलेलं लागतं.

आणि आपला वाटा? मी त्या बैठकीत विचारलं, "किती जणींची पाणीपट्टी भरलेली आहे?" थोडा वेळ कुणी बोललं नाही. अट चुकीची आहे हे खरं. पण ती निघेपर्यंत आपली थकबाकी मावशींच्या पगारात कापली जाते, हेही खरं.

युनियन म्हणजे भांडण का?

बऱ्याच जणींना युनियन म्हटलं की मोर्चा, घोषणा आणि पोलीस आठवतात. पण युनियन म्हणजे मुळात कामगारांचा गटच. १९२६ च्या कायद्यापासून सात कामगारांनी मिळून नोंदणी करायची सोय आहे. तिथंही वर्गणी असते, बैठक असते, अध्यक्ष-सचिव असतात, वही असते. एकटी बाई बँकेत गेली तर साहेब मान वर करत नाही. दहा जणी गटाचा ठराव घेऊन गेल्या की खुर्ची देतात. युनियनचं बळ तेच आहे. एका गावात झाडणारी बाई एकच असते. एकटीने मागितलं तर "उद्यापासून येऊ नको" म्हणायला वेळ लागत नाही. तालुक्यातल्या सगळ्या जणी एकत्र असल्या तर तसं म्हणणं अवघड जातं.

कामाचे कागद: एवढं तरी करा

१. हजेरीवहीत आपलं नाव आहे का आणि ते आधारसारखंच लिहिलंय का, ते बघा. आडनाव, नवऱ्याचं नाव, सगळं.

२. आपली स्वतःची वही ठेवा. तारीख, काय काम केलं, किती तास, किती पैसे मिळाले. गटाची वही लिहिता येते तर ही पण येते. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगा.

३. पैसे आपल्या नावच्या खात्यातच मागा. हातात रोख घेऊ नका.

४. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही-अंगठा देऊ नका. जो कागद द्याल त्याची पोच घ्या.

५. आकृतीबंधात आपलं नाव आहे का, सध्याचा विशेष भत्ता किती, हे ग्रामसेवकांना (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) लेखी विचारा. उत्तर नाही मिळालं तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखाली असाल तर फी नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

६. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. तिथं विषय मांडा आणि ठराव लिहून घ्या.

७. तरीही काही झालं नाही तर पंचायत समितीत गटविकास अधिकारी, आणि बीडला सरकारी कामगार अधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज द्या. युनियनचे कार्यकर्ते सोबत असले तर अर्ज नीट लिहिला जातो. फार दिवस वाट बघू नका, मागच्या पैशाच्या दाव्याला मुदत असते.

मावशींचं पुढं काय झालं

आम्ही तिघीजणी पंचायतीत गेलो. मावशी, ग्रामसंघाच्या अध्यक्षताई आणि मी. जुनी व्हाउचरं काढायला लावली. पैसे दिल्याचं दिसत होतं, अंगठाही होता. पण नाव मावशींचं नव्हतं. नाव त्यांच्या नवऱ्याचं होतं. सात वर्षं झाडलं मावशींनी, आणि कागदावर कामगार त्यांचा नवरा! कुणी मुद्दाम केलं असंही वाटत नाही. पहिल्या दिवशी कुणीतरी घरच्या पुरुषाचं नाव लिहिलं, आणि तेच पुढं चालत राहिलं. मावशींना वाचता येत नाही, म्हणून कळलं नाही.

मावशी तिथं काही बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "म्हंजी मी कुठंच नाही."

त्या दिवशी अध्यक्षताईंनी तिथंच अर्ज लिहिला: नाव दुरुस्त करा, पद कोणतं ते सांगा, दर कोणता ते लेखी द्या. पोच घेतली. अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. पण या महिन्याचे पैसे मावशींच्या स्वतःच्या खात्यात जमा झाले, तीन हजारच. मावशींनी पासबुक बैठकीत सगळ्यांना दाखवलं. आम्ही पुढच्या महिला सभेत विषय मांडणार आहोत, आणि तालुक्यात अशा किती जणी आहेत त्याची यादी करायला घेतली आहे.

आधी आपलं घर

शेवटी एक बोलते, राग मानू नका. शाळेत खिचडी शिजवण्याचं काम काही ठिकाणी आपल्याच बचत गटांकडे आहे. तिथं शिजवणाऱ्या बाईला महिन्याला २,५०० रुपये मानधन ठरलेलं आहे, तेही वेळेवर येत नाही. आलं की ते पूर्ण तिच्या हातात जातं का, का गटात वाटून घेतलं जातं? आपल्या संघाचं ऑफिस कोण झाडतं, तिला काय देतो, कागदावर काय लिहितो? पंचायतीला हिशोब विचारायचा असेल तर आपला हिशोब आधी स्वच्छ पाहिजे.

पुढच्या गट बैठकीत यावर बोला:

- आपल्या गटात कोणकोणाला मानधन मिळतं? किती आणि किती महिन्यांनी?
- त्यातल्या किती जणींचं नाव कागदावर बरोबर आहे?
- आपल्या गटात पाणीपट्टी, घरपट्टी कुणाची थकली आहे? कधी भरणार?
- आपल्या गावात झाडणाऱ्या, पाणी सोडणाऱ्या माणसाला किती मिळतं, हे कुणाला माहीत आहे?

उत्तरं इतिवृत्तात लिहा. मी बैठकीला आले की वाचीन. तुमच्या गावात अशी कुणी मावशी असेल तर तिचं नाव यादीत घालायला सांगा. तिच्याच नावानं.

आपली,
क्षेत्र समन्वयक